एक जूनचे वाढदिवस

शाळेचे जुने दाखले चाळले तर महाराष्ट्रातील निम्मी खेडी १ जूनलाच जन्माला आली असावीत असे वाटते. सटवाई पाचव्या रात्री येते आणि बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते, असा आपल्याकडील जुना समज. परंतु या मंडळींच्या जन्मतारखेचा लेख सटवाईने नव्हे, तर गावातील शाळामास्तरांनी टाकाने लिहिला. शाळा जूनमध्ये सुरू होई. बाप मुलाला खांद्यावर बसवून शाळेत आणी, मास्तर विचारीत, "जन्म कधीचा?" बाप म्हणे, "पोळ्याच्या वक्ताला झाला" किंवा "ज्वारी निसवत होती तेव्हा." मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो की नाही हे पाहिले जाई, चालू वर्षातून सहा वजा होत आणि पुढे १ जून लिहिले जाई. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९चा; तो वाडीवस्तीपर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षे लागली. तोवर मास्तरांची लेखणी हीच नियती होती. आता मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा ठरला आहे, तेव्हा १ जूनचे हे अफाट गोत्र हळूहळू संपुष्टात येईल.

या गोत्राची एक गंमत अशी की त्यातील बहुतेक लोक निवृत्तही एकाच दिवशी होतात. ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत, शाळांत आणि कारखान्यांत निरोपसमारंभांची रांग लागते. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, दोन शब्द. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, निवृत्तीचा पहिला दिवस उजाडतो न उजाडतो तोच, मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो. मृगाच्या पावसाला अजून आठवडाभर अवकाश असतो.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात हे दृश्य विशेष पाहायला मिळते, कारण मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी भागांतून आलेल्या माणसांनीच हा पट्टा उभा केला. ताथवडे हे त्यातील आताआतापर्यंत निवांत राहिलेले गाव. ते मुळशी तालुक्यात होते. २००९ साली महानगरपालिकेत आले. एका बाजूला मुंबई-बंगळूर महामार्ग, पलीकडे हिंजवडीचे संगणक उद्यान, मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये. जिथे ज्वारी आणि ऊस होता तिथे वीस-बावीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींत मुलाच्या किंवा मुलीच्या नव्या सदनिकेत राहायला आलेली, आयुष्यभर कारखान्याची पाळी केलेली बरीच वडीलधारी माणसे आहेत. त्यांतील एका गृहस्थांची ही हकीकत. नाव सांगण्याचे कारण नाही. सांगितलेले त्यांना आवडणारही नाही.

गृहस्थ मराठवाड्याचे. दाखल्यावर जन्म १ जून १९६५. दोन वर्षांनी धाकटा झाला, त्याचा दाखल्यावरचा जन्म १ जून १९६७. बहिणीचा १ जून १९७०. आईच्या हिशेबात तारखा नाहीत. थोरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे झाला, आणि बहात्तरच्या दुष्काळात सुकडीच्या रांगेत आपली ताटली घेऊन एकटा उभा राहू शकेल एवढा होता, एवढे तिला पक्के ठाऊक आहे. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी एका कारखान्याच्या यंत्रशाळेत काम केले. काम चोख. डबा खाताना बोलणे बेताचे. कोणाच्या घरी बारसे असो वा दहावा, हे वेळेवर पोचत, एका कोपऱ्यात बसत, निघताना यजमानाचा हात हातात घेत. सहकारी त्यांना घुमा म्हणत, आणि त्यात प्रेमही असे.

मराठी भाषेने अशा माणसांवर फारशी माया केलेली नाही. घुमा, एकलकोंडा, तुटक, आतल्या गाठीचा, माणूसघाणा: जवळजवळ सारेच शब्द दूषणाचे. 'अंतर्मुख' हा बरा शब्द. पण तो पोथीतून आला, चावडीवर कधी रुळला नाही. स्विस मानसतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मनुष्यस्वभावाच्या प्रकारांवरील ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी जोडी मांडली, तेव्हा त्यात निंदा नव्हती. कोणाच्या मनाचा ओघ बाहेरच्या जगाकडे वाहतो, कोणाचा आतल्या जगाकडे, एवढेच त्यांना म्हणायचे होते. अंतर्मुख माणूस भित्रा असतोच असे नाही आणि प्रेमशून्य तर मुळीच नसतो. माणसे त्याला आवडतात. माणसांच्या नजरा मात्र एकाच वेळी आपल्यावर खिळलेल्या त्याला सोसत नाहीत.

आणि वाढदिवस म्हणजे नेमके हेच. सारे एका बाजूला, एकटा दुसऱ्या बाजूला, मध्ये केक. जगभर म्हटले जाणारे ते इंग्रजी वाढदिवसाचे गाणे मुळात वाढदिवसाचे नव्हतेच. अमेरिकेतील केंटकी राज्यातील पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोघी बहिणींनी बालवाडीच्या मुलांना सकाळी अभिवादन करता यावे म्हणून ती चाल बांधली आणि १८९३ साली ती पुस्तकात छापली गेली. पुढे कोणीतरी तिच्यावर वाढदिवसाचे शब्द चढवले. त्या शब्दांच्या हक्कावरून अमेरिकेत २०१५ पर्यंत खटला चालला आणि अखेर २०१६ साली एक कोटी चाळीस लाख डॉलरची तडजोड होऊन गाणे सर्वांचे झाले. म्हणजे मुलांनी बाईंना रोज सकाळी म्हणायचे चार साध्या ओळींचे गाणे! त्याची लांबी अर्ध्या मिनिटाहूनही कमी. परंतु ज्याच्यासाठी ते म्हणतात त्याने तेवढा वेळ हात कोठे ठेवावेत, डोळे कोठे लावावेत, हसावे किती, टाळी आपणही वाजवावी की नाही, याचे उत्तर कोणत्याही न्यायालयाने दिलेले नाही.

आपल्या जुन्या औक्षणाची रीत या दृष्टीने अधिक समंजस होती. पाट, भोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी. आई किंवा आत्या ओवाळते. बसलेल्याने काही करायचे नसते. कोणी गात नाही. दिवा विझवायचा नसतो, हे तर फारच चांगले.

गृहस्थांच्या घरी ही रीत चालू होती. परंतु साठी आणि निवृत्ती एकाच वेळी आली, आणि हिंजवडीत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलीने ठरवले की या वेळी काहीतरी मोठे करायचे. इमारतीचे सभागृह घेतले. जुने सहकारी, शेजारी, नातलग मिळून साठ-सत्तर माणसे. बाबांना जुनी गाणी आवडतात हे तिला ठाऊक होते, म्हणून गाण्यांचा कार्यक्रम ठेवला: ध्वनिमुद्रित वाद्यमेळावर हौशी गायकांनी किशोरकुमार आणि रफी यांची गाणी म्हणायची. भेटवस्तू म्हणून 'कारवाँ' आणला. २०१७ साली बाजारात आलेले, जुन्या रेडिओसारखे दिसणारे, आत पाच हजार गाणी आधीच भरलेले हे यंत्र कित्येक घरांत आईवडिलांच्या वाढदिवसाची ठरीव भेट होऊन बसले आहे. मुलीने कशातही कसूर केली नव्हती.

गृहस्थ आले, बसले, शाल घेतली, केक कापला. तिसऱ्या गाण्याला ते दिसेनात. जेवणाच्या वेळी शोधाशोध झाली तेव्हा ते गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. खाली परत आले, सर्वांशी नीट बोलले, शेवटच्या पाहुण्याला उद्वाहनापर्यंत पोचवून आले. पण रात्री खुर्च्या आवरताना मुलगी म्हणाली, "बाबा, आम्ही तुमच्यासाठी काही केलेलं तुम्हाला कधी आवडतच नाही." ते म्हणाले, "तसं नाही गं." त्यापुढचे वाक्य त्यांना सापडले नाही. अशा माणसांना ते दोन दिवसांनी सापडते आणि तोवर समोरचा माणूस कामावर गेलेला असतो.

येथे कल्पसूत्रातील एका प्रसंगाचे स्मरण होते. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पर्युषणाच्या पाचव्या दिवशी भगवान महावीरांच्या जन्माचे वाचन होते. त्याच्या अलीकडेच हा प्रसंग येतो. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भातील बालक निश्चल झाले. हेतू अनुकंपेचा होता. परंतु त्रिशला मातेला वाटले, गर्भाला काही अपाय झाला. ती शोकाकुल झाली आणि राजा सिद्धार्थाच्या प्रासादातील मृदंग, वीणा, गायन, नर्तन सारे थांबले. ते जाणून बालकाने अंग किंचित हलवले, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि मातापित्यांच्या हयातीत दीक्षा न घेण्याचा संकल्प बालकाने तेथेच केला. पर्युषणात ही कथा दरवर्षी ऐकली जाते, आणि ऐकताना लक्ष संकल्पाकडे जाते. त्याआधीच्या त्या निःशब्द घटकेकडे सहसा जात नाही. मौन कितीही निर्मळ असो, पलीकडच्या माणसाला त्यातून अनुकंपा ऐकू येत नाही. त्याला फक्त वाद्ये थांबलेली ऐकू येतात.

थोर अबोल माणसांनाही हे चुकलेले नाही. जी. ए. कुलकर्णी हे मराठीतील सर्वांत माणूसभिडस्त लेखक म्हणावे लागतील. जन्म १० जुलै १९२३, आयुष्याचा मोठा काळ धारवाडला, सभा-सत्कारांपासून चार हात दूर. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार वाद उद्भवताच त्यांनी परत केला. मात्र ते तुटलेले नव्हते. त्यांची लांबलचक, खेळकर, विद्वत्तेने आणि खोडकरपणाने भरलेली पत्रे ज्यांना येत, त्यांच्याशी त्यांचा स्नेह अनेक बोलक्या माणसांच्या स्नेहापेक्षा गाढ होता. त्यांना कागद सापडला होता. २०२३ साली त्यांची जन्मशताब्दी भाषणांनी आणि हारांनी साजरी झाली, तेव्हा ते हयात नव्हते हे एका परीने बरेच झाले. सर्वांना कागद सापडतोच असे नाही. काहींना रेडिओ सापडतो.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि विविध भारती १९५७च्या ३ ऑक्टोबरला. अबोल माणसासाठी याहून योग्य सोबत दुसरी निर्माण झाली नसेल. ती बोलते, गाते, पण आपल्याकडे पाहत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक अशी ५६ गीते झाली. त्यात रामजन्माचेही गीत होते. ते हजारो घरांनी एकाच वेळी ऐकले, आणि तरीही प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरात, दुकानात, ओसरीवर ऐकले. वाढदिवस असाही साजरा होऊ शकतो. गृहस्थांना स्वतःच्या वाढदिवसाचा कंटाळा, परंतु सुधीर फडके यांचा २५ जुलै, किशोरकुमार यांचा ४ ऑगस्ट, लता मंगेशकर यांचा २८ सप्टेंबर हे दिवस त्यांना तोंडपाठ, कारण त्या दिवशी रेडिओवर सकाळपासून त्यांचीच गाणी असत. हे वाढदिवस ते यंत्रशाळेत काम करता करता मनातल्या मनात साजरे करीत. त्या रात्री सभागृहात म्हटलेली गाणी त्यांना नावडती नव्हती. ती फार आवडती होती. अडचण तीच होती. एकट्याने ऐकायचे गाणे सत्तर माणसांसमोर चेहऱ्यावर येऊ द्यावे लागत होते.

जुन्या सुरांची ही ओढ एके काळी रोग समजली जात असे. बासल येथील योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात घरासाठी झुरणाऱ्या माणसांच्या व्याधीला ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टाल्जिया' हे नाव दिले. परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांना डोंगरातील गुराख्यांची गाणी ऐकली की रडू कोसळे, ते पळून जात, म्हणून त्यांच्यासमोर ती गाण्यास बंदी असे, असे रूसोने संगीतकोशात नोंदवले आहे. आज ती व्याधी मानली जात नाही. उतारवयात मागे वळून पाहताना साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक दाट येतात, असे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे, आणि त्या काळातील गाणी त्या आठवणींना बिलगून येतात. किशोरकुमार यांच्याबाबत हे खरे. परंतु त्याहूनही आधीचे, दहा वर्षांच्या आतले, ज्याला नाव नाही, चित्रपट नाही, तबकडी नाही, असे जे गाणे असते ते पाच हजार गाण्यांच्या यंत्रातही नसते.

गृहस्थांचे न सापडलेले वाक्य तेच होते. चार दिवसांनी, गॅसवर दूध ठेवलेले असताना, मुलीकडे न पाहता ते म्हणाले, "माझा वाढदिवस एक जूनला नसतोच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो. आई पहाटे जात्यावर एक ओवी म्हणायची, माझं नाव घालून. मला तेवढंच पुरतं." मुलीला हे नवे होते. तीस वर्षांत ऐकलेले नव्हते. दूध उतू गेले ते वेगळेच.

ओवी हा स्त्रियांनी एकांतात घडवलेला गीतप्रकार. श्रोता नाही, टाळी नाही. पहाटेचा अंधार, दगडाची घरघर, आणि फार तर समोर बसलेली जाऊ. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनी मुळशी-मावळच्या खोऱ्यांतून आणि पुढे महाराष्ट्रभरातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या आणि आज ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहात ऐकता येतात. मुलीने प्रथम तेथेच शोध घेतला. ओव्या असंख्य सापडल्या, बापाचे नाव असलेलीही एक-दोन सापडली, कारण नाव साधे आहे. पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी बापाची होती. ज्या ताथवड्यात बसून ती ऐकत होती, त्याच तालुक्यातल्या बायका या सुरात गात होत्या, हेही तिला तेव्हाच उमगले.

आजी गावी धाकट्याकडे असते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. दळण गिरणीतून येऊ लागल्याला चाळीसेक वर्षे झाली. जाते परसदारी पालथे पडलेले. पोळ्याच्या सुट्टीला मुलगी गावी गेली. सोबत बाबा नव्हते, त्यांना येण्याचा आग्रहही तिने केला नाही. आजीला ओवीबद्दल विचारले तेव्हा आजी लाजली. म्हणाली, "आता कुठलं गं. जातं फिरल्याबिगर गाणं येत न्हाई." मग दोघा पोरांनी जाते सरळ करून ओसरीवर आणले. खुंटा नव्हता, कुदळीचा तुटका दांडा ठोकला. पायलीभर ज्वारी कोण दळणार, म्हणून मूठभरच घेतली. आजीने दांड्याला हात घातला, दोन फेरे कोरडेच दिले, आणि तिसऱ्या फेऱ्याला आवाज आला. बारीक, किंचित फाटलेला, परंतु सुरात. पहिली ओवी देवाची. दुसरी तिच्या भावाची. तिसरीत थोरल्याचे नाव आले, आणि पाऊस, आणि बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता हेही आले. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची साक्ष तिने गाण्यात नोंदवून ठेवली होती. मास्तरांनी कधी विचारलेच नव्हते. चौथ्या ओवीला ती थांबली. "म्होरलं आठवंना," म्हणाली, आणि पदराने दांडा पुसू लागली.

ध्वनिमुद्रण साडेतीन मिनिटांचे आहे. त्यात मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज आहे आणि कोणा मुलाला कोणी गप्प बसवल्याचाही. मुलीने ते दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांना पाठवले, सोबत एकही शब्द लिहिला नाही. शुभेच्छा नाही, चित्र नाही. ताथवड्यात त्या वेळी महामार्गावर मालमोटारींची रीघ असते आणि पाण्याचे टँकर इमारतीच्या दारात येऊन लागतात. गृहस्थांनी सज्जाचे दार लावून घेतले.

आठ वाजून गेल्यावर त्यांचा मुलीला फोन आला. आवाज नेहमीचाच. आजी चौथी ओवी विसरलेली नाही, असे त्यांनी सांगितले. "चौथी धाकट्याची आहे. ती त्याच्याच दिवशी म्हणायची. मकरसंक्रांतीच्या आसपास कधीतरी जा, तेव्हा म्हणेल."